थोरलीची सुट्टी

कामावर सगळे तिला थोरली म्हणत आणि तिच्या मैत्रिणीला धाकटी. दोघी विमानातल्या हवाई सुंदरी. सत्तावन्नाव्या वर्षी, पायांना सूज येऊ नये म्हणून घट्ट मोजे घालून ट्रॉली ढकलणाऱ्या बाईला सुंदरी म्हणायला काळीज मोठं लागतं, असं धाकटी म्हणायची आणि थोरली खो खो हसायची.

दोघी एकाच दिवशी नोकरीला लागल्या होत्या. ह्या नोकरीत ज्येष्ठता म्हणजे सगळं काही. कुठलं उड्डाण, कुठली सुट्टी, हे यादीतल्या नंबरावर ठरतं. एकाच दिवशी लागलेल्यांत जिची जन्मतारीख आधीची, तिचा नंबर वरचा. थोरली पाच महिन्यांनी मोठी, म्हणून ती वर आणि धाकटी तिच्या पाठोपाठ. एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

आता गंमत बघा. खरी मोठी धाकटीच होती. भरतीची वयोमर्यादा ओलांडली होती, तर तिच्या काकांनी कुणाच्या तरी ओळखीने कागदावरची तिची जन्मतारीख एका वर्षाने पुढे सरकवून आणली. प्रशिक्षणाच्या वसतिगृहात तिने हे थोरलीच्या कानात सांगितलं आणि दोघी उशीत तोंड खुपसून हसल्या. तेव्हा काय ठाऊक, ह्या एका तारखेची किंमत काय ते! पुढे प्रत्येक वेळी थोरलीने निवडायचं आणि उरलं ते धाकटीने घ्यायचं. लेकीचे वाढदिवस, शाळेतली नाटकं, तापाच्या रात्री, सगळं तिचं हुकलं. लेक मोठी झाली, लांब दुसऱ्या देशात गेली आणि आईशी कामापुरतं बोलू लागली.

मग एकदा विमानात, चहाची भांडी आवरताना, धाकटीने सांगितलं की लेकीला दिवस गेलेत. "पहिल्यांदाच म्हणाली गं, आई, तू ये." महिना सांगितला, आठवडा सांगितला. थोरलीने तिचा हात दाबला. तिला खरंच आनंद झाला होता.

आणि तरीही महिनाभराने सुट्ट्यांचा अर्ज भरताना तिने तोच आठवडा मागितला. दर वर्षी ती तोच घ्यायची. ह्या खेपेला बैठकीच्या खोलीला रंग द्यायचा होता. भरताना धाकटीची आठवण झाली नाही असं नाही, झाली. पण वाटलं, गर्दीचा हंगाम असला तरी दोघींनाही मिळेल. तिला नाही मिळाली तर ती मागेल, मग देऊन टाकू.

बावीस तारखेला यादी लागली. त्या आठवड्याच्या सुट्ट्या थोरलीच्या नावाशी संपल्या होत्या. धाकटी यादीसमोर थोडा वेळ उभी राहिली, मग बॅगेचा दांडा ओढून चालू लागली. पंचवीस तारखेपर्यंत सुट्टी सोडता येत असे, आणि सोडलेली सुट्टी आपोआप पुढच्या नंबराला जात असे. म्हणजे तीन दिवस हातात होते.

ते तीनही दिवस दोघी एकत्र उडत होत्या. दाराजवळच्या घडीच्या खुर्च्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसत होत्या. धाकटी हवेबद्दल बोलली, एका तिरसट प्रवाशाबद्दल बोलली. त्या सुट्टीबद्दल अक्षर नाही. थोरलीही मूग गिळून बसली. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, मग हिला तोंड उघडायला काय होतं? एकतीस वर्षांत कधी एक गोष्ट मागितली नाही बाईने! खरं सांगायचं तर थोरलीला हवं होतं की एकदा तिने मागावं. देणाऱ्याचा मान हवा होता तिला, दुसरं काही नाही. पंचवीस तारीख अशीच निघून गेली.

सुट्टीच्या आठवड्यात घर रंगाच्या वासाने भरलं होतं. सामानावर जुन्या चादरी टाकल्या होत्या. नवऱ्याने विचारलं, फिकट पिवळा बरा की पांढरा, आणि थोरली त्याच्यावर विनाकारण खेकसली. चौथ्या दिवशी तिने धाकटीला फोन लावला. धाकटी कुठल्याशा शहरात हॉटेलच्या खोलीत गणवेशाला इस्त्री करत होती. मुलगी झाली म्हणाली. सासूबाई आहेत जवळ, सगळं नीट झालं.

"लेक रागावली का?" थोरलीने विचारलं.

नाही म्हणाली. लेक इतकंच म्हणाली होती, की तुझं काम मला ठाऊक आहे आई, आता नको त्रास घेऊस. रागावली असती तर बरं झालं असतं, असं धाकटी म्हणाली.

थोरलीला राहवलं नाही. "अगं, मागितली असतीस तर दिली असती मी."

"तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मग मागायचं काय राहिलं होतं?"

थोरलीने फोन ठेवला आणि रंगाच्या डब्यावरच बसली. त्या बाईची जागा आपण एकतीस वर्षं अडवून बसलो हे तिला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण तिला एकदाही म्हटलं नाही, की ह्या खेपेला तू आधी घे. त्याला काय लागलं असतं?

पुढच्या सुट्ट्यांचे अर्ज आले तेव्हा थोरलीने आपला कोराच ठेवला. हवा तो आठवडा आता धाकटीला मिळाला असता. वरातीमागून घोडं, पण घोडं तरी निघालं, असं तिने मनाला समजावलं. यादी लागली तशी ती धावत बघायला गेली. तिच्या नावापुढची जागा रिकामी होती. खालच्या नावापुढचीही रिकामीच होती.

धाकटी मागे उभी राहून मोजे वर ओढत होती. थोरलीने तिला विचारलं, अगं, तू का नाही भरलास?

"कशाला?" धाकटी म्हणाली. "तिकडून बोलावलंय कुणी?" आणि विमानाची वेळ झाली म्हणून तिने दोघींच्याही बॅगा उचलल्या.