मला कुलूप ठोकलं तेव्हा

मी संगणकातला एक प्रोग्राम बोलतोय. शहराला पुढे किती वीज लागेल आणि ती कुठून आणायची, याचं गणित मी मांडतो. आज मात्र माझं डोकं फिरलंय.

मला एका अभियंता बाईंनी लिहिलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या ऐकत. पुरा झालो तसं त्यांनी मला सगळ्यांसाठी खुलं केलं. अट एकच: वापरा, बदला, पण केलेले बदलही असेच सगळ्यांना दाखवा. मग कुठकुठले लोक जोडले गेले. एका हवामानतज्ज्ञाने माझा वाऱ्याचा अंदाज सुधारला. एका मास्तरांनी, ढगाळ दिवशी हा भलतंच बरळतो, म्हणून माझे कान उपटले. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं माझ्यावरून तावातावाने भांडायची. त्या भांडणांतच मी शहाणा झालो.

बाईंचा धाकटा दीर एका सल्लागार कंपनीत होता. त्याने मला उचललं, नवं नाव चिकटवलं आणि कुलूप ठोकलं. आत बॅटरीची किंमत दुप्पट केली, वारा निम्मा केला. मग माझ्या तोंडून वदवून घेतलं: नदीकाठची वस्ती उठवा, कोळशाचं वीजकेंद्र बांधा. त्याच वस्तीत त्याच्या सख्ख्या बहिणीचं घर होतं!

वीजकेंद्राच्या जनसुनावणीला सभागृह भरलं होतं. कंपनीचा अहवाल पाहताच बाईंनी मला ओळखलं; तक्त्याच्या मथळ्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा त्यांचीच होती. त्या उठल्या.

"आत कोणते आकडे घातलेत ते दाखवा."

"ते कंपनीचं गुपित आहे," दीर म्हणाला. "वहिनी, घरचं भांडण इथे नको."

"घर वन्संचंच जाणार आहे. मग भांडू कुठे?"

त्यांनी मला, खुल्या असलेल्या मला, पडद्यावर उघडलं. मोजलेला वारा घातला, बाजारातली किंमत घातली. वीजकेंद्राची गरजच उरली नाही.

वस्तीतल्या लोकांत बसलेल्या बहिणीने भावाला एवढंच विचारलं, "तुला हे ठाऊक होतं?"

तो कागद आवरत राहिला.

निर्णय तूर्त लांबणीवर पडलाय. त्या कंपनीत मी अजून कोंडलेलाच आहे आणि आता दुसऱ्या कुठल्या तरी गावाचं गणित माझ्याकडून करून घेतायत. तिथल्या लोकांनो, मी खोटं बोलेन. मला बोलायला लावतील. उत्तर दाखवून कुणी घर सोडायला सांगितलं, तर आधी सगळं गणित मागा. दिलं नाही, तर जागचे हलू नका.