शिट्टीच्या पोटात कापूस

मित्रांनो, जरा जवळ या, पण फार वेळ बसू नका. मला एका जागी करमत नाही. मी जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात एक लहानसा दाणा आहे आणि तो मला स्वस्थ बसू देत नाही.

बोरी अरबच्या बाजारातून देवसिंगनं मला बंजारा तांड्यावर आणलं ते कबड्डीसाठी. काय दिवस होते ते! मी वाजले की दांडगे गडी जागच्या जागी थांबत. पुढे देवसिंगचे गुडघे धरले आणि मी खुंटीवर लटकले. तीन वर्षं नुसतं भिंतीकडे पाहत राहायचं. अगदी विटून गेले होते मी.

मग त्याची सून बिजलीबाई डोंगरातल्या अभयारण्यात वाटाडी झाली आणि मी तिच्या गळ्यात गेले. तिथल्या पायवाटा दिवाळीनंतर उघडतात आणि ऊन तापलं की बंद होतात. मी हरखून गेले. पण जंगलात उगाच शिट्टी वाजवायची नसते, म्हणे! धोका दिसला तरच. वर बिजलीबाई चालू लागली की माझा दाणा खुळखुळायचा, सांबरं पळायची आणि पाहुणे कुरकुरायचे. शेवटी एका सकाळी तिनं वावरातला कापूस घेतला आणि माझ्या पोटात कोंबला.

"आता राह्य गुमान," ती म्हणाली.

राहिले. काय करणार? राग मात्र आला.

त्याच आठवड्यात आर्णीच्या निवृत्त शिक्षिका लीलाबाई आपल्या मैत्रिणींना घेऊन आल्या. निघताना बिजलीबाईनं बजावलं, "शिट्टी वाजली का जाग्यावरच थांबा. एक पाऊल टाकू नका."

अर्ध्या चढावर लीलाबाई पायमोज्यातली कुसळं काढायला बसल्या आणि मागे राहिल्या. उठून पाहतात तर समोर दोन वाटा. एक अरुंद, एक चांगली रुंद. रुंद वाट जुनी होती. तांड्यातल्या पणज्यांचे बैल पाठीवर मीठ-धान्य लादून तिथून जात. गेल्या पावसाळ्यात तिचं पुढचं वळण दरीत कोसळलं होतं. लीलाबाई नेमक्या त्याच वाटेनं झपझप निघाल्या.

बिजलीबाईला हे वरून दिसलं. तिनं हाका मारल्या, पण वारा उलटा होता. तिनं मला ओठांत धरून जोरात फुंकलं.

फुस्स.

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय तडफड झाली! सगळा जन्म वाजण्यासाठी आणि ऐन वेळी तोंडात बोळा. बिजलीबाईनं ओढणीची पिन काढली आणि कापूस उपसू लागली.

"याडी! निघ ना, बाप्पा!" तिनं रडकुंडीला येऊन आईचा धावा केला.

अर्धा बोळा निघाला. तिनं फुंकलं आणि मी उरलेल्या कापसासकट किंचाळले. आवाज घोगरा, फाटका आला, पण पोचला. लीलाबाई थांबल्या. त्यांच्यापुढे चारच पावलं जमीन उरली होती.

बिजलीबाई धावत खाली आली.

"काहून थांबवलं वं? वाट तं चांगलीच दिसून राह्यली," लीलाबाई म्हणाल्या.

बिजलीबाईनं त्यांचा हात घट्ट धरून त्यांना वळणापलीकडची दरी दाखवली. लीलाबाई झटकन मागे सरकल्या.

"माह्यं चुकलं, मॅडम," बिजलीबाई म्हणाली. "शिट्टी आधीच वाजली असती. मीच तिच्यात कापूस कोंबलता. खुळखुळ करून राह्यली होती म्हणून."

लीलाबाई रागावल्या नाहीत. उरलेला कापूस त्यांनी स्वतः पिनेनं काढला आणि मला वाजवून पाहायला ओठांशी नेलं. आता माझ्या पोटात काहीच अडकलेलं नव्हतं. तरी आवाज निघेना. त्यांचे ओठच थरथरत होते.

मित्रांनो, डोंगरात जाल तेव्हा पहिलं पाऊल टाकण्याआधी वाटाड्याला शिट्टी वाजवून दाखवायला सांगा. कान किटतील, सांबर पळेल. पळू द्या.