मौनाचे तेहेतीस दिवस

कमलबाईंनी मौन धरलं, त्याला त्या मंगळवारी तेहेतीस दिवस झाले. सूर्य उगवल्यापासून देवाजवळ दिवा लागेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, असे एक्केचाळीस दिवस. सोमवार, एकादशी, चतुर्थी हे सगळं लग्नापासून चालत आलेलं. त्या उपवासांचा कधी भार वाटला नव्हता. हे मौन मात्र अंगावर आलं होतं.

नवऱ्याला, लोटनभाऊंना, झटका आला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जामनेरच्या बाजारात चौतीस वर्षं मापाडी म्हणून काट्याशी उभा राहिलेला माणूस. आवाज असा, की पार रस्त्यावरच्या चहावाल्याला कळायचं कितवं पोतं चढलं ते. त्यांच्या घशातून आता नुसता हुंकार यायचा. मुलाने, भूपेंद्रने, दोघांना धुळ्याला देवपुरात आपल्या घरी आणलं. तो शाळेत शिकवायचा, सून मयुरी कॉलेजच्या ग्रंथालयात. दहा वाजता दोघं नातवाला घेऊन बाहेर पडली की घरात हे दोघं, आणि एकालाही बोलता येत नाही.

मौनाचं सुचवलं लताबाईंनी. लोटनभाऊंची ही थोरली बहीण, चोपड्याला दिलेली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वैदूकडून त्या तेलाची बाटली घेऊन आल्या होत्या, आणि त्यानेच सांगितलं होतं, की घरच्या बाईने आपली वाणी देवाजवळ ठेवायची, म्हणजे देव रोग्याची मोकळी करतो. कमलबाईंना ते पटलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्या भूपेंद्र आणत होता, डबे मयुरी भरत होती. आपल्याकडे देण्यासारखं दुसरं काय होतं?

दिवस असा जायचा: अंग पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची, दोन वेळा तेल चोळायचं, चादर धुवायची. सगळं न बोलता. लोटनभाऊ नजरेने त्यांच्या मागे मागे फिरायचे. संध्याकाळी दिवा लागला की बोलायची मोकळीक, पण तोवर ते थकून झोपलेले असत. आणि कमलबाईंच्याही अंगात उद्याचं दूध किती घ्यायचं एवढंच विचारण्यापुरतं त्राण उरे. महिनाभरात नवऱ्याशी आपण एक शब्दही बोललो नाही, हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं.

दर मंगळवारी किरण यायची. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी, पंचविशीतली पोरगी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, की घरात सतत बोलत राहा. भाजी निवडताना भाजीचं, अंग पुसताना अंगाचं. त्यांच्या कानावर शब्द पडले पाहिजेत, आणि सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. मौनाचं कळल्यावर ती काही टाकून बोलली नाही. प्रत्येक खेपेला जाताना एवढंच विचारायची, "आजी, अजून किती दिवस राहिले?" कमलबाई बोटांनी दाखवायच्या. आणि ती गेल्यावर देवासमोर बसून रडायच्या. त्याला आवाज लागत नाही.

त्या मंगळवारी लताबाई नवी बाटली घेऊन सकाळीच आल्या होत्या. किरण आली तेव्हा त्या भावाचा पाय मांडीवर घेऊन तेल जिरवत होत्या, आणि या पोरीच्या फिया घेऊन काय होणार अशा अर्थाचं काहीतरी अर्धवट ओठांत पुटपुटत होत्या. किरणने मनावर घेतलं नाही. ती खुर्ची ओढून लोटनभाऊंसमोर बसली. आज आपण आकडे मोजू, म्हणाली. ज्यांना साधं नावही सांगता येत नाही, त्यांच्या जिभेवर पुष्कळदा आकडे शिल्लक असतात.

"एक," ती म्हणाली. "माझ्याबरोबर म्हणा. एक."

लोटनभाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा एक. पुन्हा तेच. पाचव्या वेळी त्यांनी डाव्या हाताने तिचा हात झटकला आणि मान भिंतीकडे वळवली.

चहा गाळता गाळता कमलबाई थांबल्या. हा माणूस एक कसा म्हणेल? काट्यावर पहिल्या तोलाला एक म्हणायचं नसतं. पहिला तोल लाभाचा. लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. चौतीस वर्षं हेच. घरी जोंधळे मोजतानाही त्यांच्या तोंडून एक निघाल्याचं कमलबाईंनी ऐकलं नव्हतं.

नातवाची पाटी कोपऱ्यात होती. त्यांनी त्यावर 'लाभ' लिहून किरणपुढे धरली. तिला काही उमगलं नाही. तिने ते प्रश्न विचारावा तसं वाचलं, "लाभ?" लोटनभाऊंची मान किंचित फिरली. ओठ हलले. पण किरणचा आवाज काट्यावरचा नव्हता.

कमलबाईंनी देवघराकडे पाहिलं. दिवा लागायला अजून सात तास होते, आणि मौन सुटायला आठ दिवस. पाटी खाली ठेवून त्या पलंगाशी गेल्या, आणि जामनेरच्या बाजारात नवऱ्याला डबा द्यायला गेल्यावर ऐकलेल्या त्या लांब हेलात म्हणाल्या,

"लाऽऽभ."

आवाज गंजलेला, फाटका.

"दोऽन," लोटनभाऊ म्हणाले.

मग तीन. मग चार. पाचाला जीभ अडखळली, सहा आलं न आलं, आणि ते रडायला लागले. झटका आल्यावर माणसं अशी लगेच रडतात, असं किरण हळूच म्हणाली. पण तिचेही डोळे भरले होते.

लताबाईंचे हात तेलातच थांबले. मौन का मोडलं, म्हणून त्या कातावल्या.

"आठच दिन राह्यनात, कमल. काब्र बोलनी तू? देवले काय सांगशी आते?"

कमलबाईंना भांडायचं नव्हतं. थकवा इतका होता, की उभं राहायलाही पलंगाचा आधार घ्यावा लागला.

"सांगेन, की तुझं व्रत राहिलं म्हणून," त्या म्हणाल्या. "अक्का, तेल जरा राहू द्या. यांना धरून बसवा. मला एकटीला उचलत नाही आता."

लताबाईंनी भावाचा पाय मांडीवरून खाली ठेवला. मग पदराला हात पुसून उठल्या, आणि भावाच्या काखेत हात घालून त्याला उशीशी टेकवलं. आपला लोटन इतका जड असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या चार दिवस राहिल्या. तेल चोळायच्याच, त्याची ऊब भावाला आवडत होती आणि कमलबाईंनीही नको म्हटलं नाही. पण कूस बदलायला, चादर धुवायला आता दुसरे दोन हात होते.

संध्याकाळी कमलबाईंनी दिवा लावला, साखर ठेवली आणि अपुरं राहिलेलं व्रत देवाच्या पायाशी ठेवलं. रागावला असशील तर माझ्यावर राग, त्यांच्यावर नको, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून त्या बोलत होत्या. पाणी कोमट आहे. आता डावा हात. बाहेर केळीवाला आला, महाग देतोय मेला. दुपारपर्यंत घसा बसला. बोलणंही अंगमेहनतच होतं, आणि समोरून उत्तर येत नव्हतं. पेजेचा पहिला चमचा पुढे करून त्या बसक्या आवाजात म्हणाल्या, "लाभ."

लोटनभाऊंनी पेज गिळली.  कमलबाई दुसरा चमचा धरून बसून राहिल्या.

"दोन," ते म्हणाले.