अप्पाजींचं एकशेवीस-ऐंशी

चौथ्या मुलीनं दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला, तेव्हा अप्पाजी छताकडं बघत नव्हते. परीक्षेतल्या पेशंटनं छताकडं बघायचं असतं, हा नियम त्यांनी स्वतःच काढलेला होता आणि एकोणीस वर्षं पाळला होता. आज ते शेजारच्या खाटेवरच्या राजूकडं बघत होते. राजूही त्यांच्याकडं बघत होता. ठरावीक वेळानं तो पापण्या मिटायचा. आपण बोललेलं तो वर कळवतो, अशी अप्पाजींना शंका होती.

राजू म्हणजे नवी डमी. विद्यानगरातल्या नर्सिंग कॉलेजात तो आठ दिवसांपूर्वी लाकडी खोक्यातून आला. त्याला नाडी होती, श्वास होता, आणि बटण फिरवलं की हवं तेवढं बीपी यायचं. राजू हे नाव पोरींनी ठेवलं.

तोवर हे सगळं काम अप्पाजी करायचे. नोकरी तशी अटेंडरची. झाडणं, चादरी बदलणं, घंटा देणं. पण कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी पहिली डमी मानेत मोडली आणि नवी येईपर्यंत म्हणून अप्पाजींना खाटेवर झोपवलं. नवी यायला एकोणीस वर्षं लागली. तेवढ्या काळात त्यांच्या दंडाला पट्टा बांधून सातआठशे पोरी नर्स झाल्या. दर जूनमध्ये त्यांच्या कंत्राटाचा कागद नवा व्हायचा, त्यात पदाच्या रकान्यात लिहिलेलं असायचं: अटेंडर तथा निरोगी पेशंट.

राजू आल्यापासून अप्पाजी पुरावे गोळा करत होते. चहा अर्धा कप यायला लागला होता. त्यांची उशी राजूला गेली होती. प्रिन्सिपल हेमावती मॅडमनी एकोणीस वर्षांत कधी विचारपूस केली नव्हती. परवा त्या म्हणाल्या, आता जरा विश्रांती घेत जा. घरी सांगितलं तर बायको, मंगला, म्हणाली की चांगलंच बोलल्या की त्या. अप्पाजींना मंगलाचाही संशय आला.

खाटेवर पडून अप्पाजी नुसते पडलेले नसायचे. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांधायचा असतो. कुणी खाली बांधला की ते एकदा खोकायचे, फार आवळला की दोनदा. मराठी पोरींना ते सरळ कुजबुजून सांगायचे, कारण बाहेरचे परीक्षक बहुतेक दावणगेरे-रायचूरकडचे कन्नड, त्यांना मराठी कळायची नाही.

आणि अप्पाजींचं बीपी एकशेवीस-ऐंशी. पहिल्या वर्षी कुणीतरी ते नीट मोजलं होतं. मग ते सीनियरच्या जर्नलमधून ज्युनियरच्या जर्नलमध्ये उतरत आलं. परीक्षकांना सकाळी उत्तरांचा जो कागद दिला जायचा, त्यावर ते आधीपासूनच छापलेलं असायचं. पुन्हा मोजावं असं कुणाला वाटलं नाही. इमारतीची उंची दरवर्षी कोण मोजतं?

चौथी मुलगी योगिता, अप्पाजींच्याच बाजूची, अळणावरची. बाप बेलूरच्या कारखान्यात मशिनीवर. बेळगावच्या एका दवाखान्यात तिची नोकरी ठरलेली होती; एक तारखेला निकाल घेऊन हजर व्हायचं होतं. तिनं फुगा दाबला, डायलकडं बघत हवा सोडली आणि कपाळाला आठी घातली. दोन मिनिटं थांबून पुन्हा दाबला.

अप्पाजी समजले. दोन महिने झाले, सकाळी उठलं की मानेमागं कुणीतरी वीट ठेवल्यासारखं वाटायचं. आधी त्यांनी घरच्या उशीवर संशय घेतला, मग राजूवर. राजू तेव्हा आला नव्हता, पण त्याची तयारी आधीपासून चालू असणारच. बीपीवर मात्र त्यांनी संशय घेतला नाही. निरोगी हा शब्द गेला तर कागदावर नुसता अटेंडर उरला असता, आणि तसे कॉलेजात आणखी दोघं होते.

"एकशेवीस-ऐंशी. लिही आणि मोकळी हो," ते ओठ न हलवता म्हणाले.

"तसं ऐकू येईना की, मामा."

"त्या तिघींना आलं."

"त्यांनी फुगा पुरता दाबलाच नाही. मघापासून बघालते मी."

आणि तिनं कागदावर लिहिलं: एकशे चौऱ्याऐंशी, एकशे सहा.

परीक्षक श्रीहरी सरांना या खाटेवरच्या कुजबुजीचा आधीच संशय आला होता. त्यांनी योगिताचा कागद छापील उत्तराशी लावून पाहिला, मग तिघींच्या कागदांशी लावून पाहिला. चार कागद एका बाजूला आणि ही पोरगी एका बाजूला. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. या खेपेला एकशे शहाऐंशी आलं. सर शांतपणे म्हणाले की एक तर कान तपासून घ्यायला हवेत, नाही तर अभ्यास. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, दोन्हीला तेवढे पुरतील. हेमावती मॅडम म्हणाल्या की मुलगी एरवी हुशार आहे. पण हे बोलताना त्या मुलीकडं बघत नव्हत्या, अप्पाजींकडं बघत होत्या.

सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

योगिता रडली नाही. तिनं पट्टा सोडला, उरलेली हवा दाबून काढली, नळ्या आत घेऊन घडी घातली आणि फुगा वर ठेवला. ही घडी पुस्तकात नाही. ती अप्पाजींची होती.

अप्पाजी खाटेवर उठून बसले. परीक्षेत पेशंट उठून बसण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळं मॅडमनी आधी सवयीनं त्यांना झोपायची खूण केली.

"पोरीचं बरोबर आहे, सर," ते कन्नडमध्ये म्हणाले. "चुकीचं मी सांगत होतो तिला."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझंच आहे ते."

श्रीहरी सरांनी स्वतः मोजलं. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे आठ. मग मॅडमनी मोजलं. तेवढंच. राजूनं पापण्या मिटल्या.

आता खरी अडचण झाली. योगिता बरोबर म्हणजे त्या तिघी चूक, छापील उत्तर चूक, आणि मागची किती वर्षं चूक ते कुणी सांगू शकत नव्हतं. दार लावून अर्धा तास चर्चा झाली. शेवटी कागदावर असं ठरलं की पहिल्या तिघींना पेशंट होता अप्पाजी क्रमांक एक आणि योगिताला अप्पाजी क्रमांक दोन. दोघांची बीपी वेगळी. चौघी पास. श्रीहरी सरांनी सही केली आणि मग संशयानं विचारलं की क्रमांक एक आता कुठं आहे. मॅडम म्हणाल्या, त्याला डिस्चार्ज दिला.

क्रमांक दोनला त्यांनी दवाखान्याची चिठ्ठी दिली, आजच जायला सांगितलं आणि कंत्राटाच्या कागदाचं जूनमध्ये बघू म्हणाल्या. बघू कसं म्हणाल्या, ते अप्पाजींनी नीट ऐकलं. त्यात संशयाला जागा नव्हती. त्यांनी खाली उतरून चादर ओढून सरळ केली, चारी कोपरे दुमडले. मग दोघा अटेंडरनी राजूला उचलून त्या खाटेवर ठेवलं.

योगितानं त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. पाठ टेकवायला लावली, पाय सरळ ठेवायला लावले, पाच मिनिटं बोलू दिलं नाही. मग पुन्हा मोजून आकडा चिठ्ठीच्या मागं तारखेसकट लिहिला.

"गोळी सुरू झाली की मधे सोडायची नाही, मामा. बरं वाटलं तरी."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे की."

अप्पाजींनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि खिशात ठेवली. योगिता पट्टा परत द्यायला गेली.

अप्पाजींची ती खाट बरोबर दारासमोर होती. दार उघडंच राहिलं होतं. आत पाचवी मुलगी आली होती. तिनं राजूच्या कोपरावरच पट्टा गुंडाळला आणि फुगा हातात घेतला. राजू डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होता. एकदम नियमाप्रमाणं. खोकला मात्र नाही.

अप्पाजी एकदा खोकले.

मुलीचा हात थांबला. तिनं पट्टा सोडला आणि दोन बोटं वर सरकवला. श्रीहरी सरांनी लिहिता लिहिता मान वर केली, आणि बराच वेळ संशयानं राजूकडं बघत राहिले.