दोन ताऱ्यांचा टॉलफसन

लमार पेटिग्र्यूनं आयुष्यभर पोरांना तारे वाटले होते. शाळेत अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू काखेत धरून समोरच्या रेषेपार पळायचा खेळ, खेळणाऱ्या पोराला एक ते पाच तारे द्यायचे, ते बघून विद्यापीठं शिष्यवृत्ती देणार, हाच त्याचा वीस वर्षांचा धंदा. आपल्या जॉर्जियातल्या पोरांना हात सैल सोडून द्यायचा. मोंटानासारख्या ओसाड मुलखातल्यांना सरसकट दोन, तेही घरबसल्या. आंडर्स टॉलफसनलाही असेच दोन ठोकलेले. पोरगा प्रत्येक सामन्यात दहा मिनिटं खेळायचा आणि मग बाकावर. ‘दम नाही’, लमारनं लिहून टाकलं होतं.

पण आंडर्सचे कोच, हॉगन सर, भलते चिवट. “साहेब, शुक्रवारी सहापर्यंत तिसरा तारा मिळाला नाही तर विद्यापीठातली त्याची जागा दुसऱ्याला जाणार. एकदा येऊन तर बघा!” असा महिनाभर धोशा लावला. शेवटी वैतागून लमार आला, तोही नेमका त्या शुक्रवारी दुपारी.

मैदान म्हणजे गव्हाच्या शेतांमधला हिरवा तुकडा, भोवती गाड्या लावलेल्या. गावांत पोरंच कमी, म्हणून अकराऐवजी सहा-सहा जणांचा खेळ. पाहुणा संघ शंभर मैलांवरून आलेला, आणि पोरं मोजून सात.

आंडर्सनं चेंडू काखोटीला मारला आणि जो सुटला! लमारच्या हातातलं घड्याळ दाबायचंच राहिलं. दहा मिनिटांत चाळीस-शून्य. आणि हॉगन सरांनी त्याला बाकावर बसवलं.

“अहो, हे काय? मी एवढ्या लांबून कुणाला बघायला आलोय?”

“मध्यंतराला पंचेचाळीसची आघाडी असली की खेळ खलास, साहेब. ती माणसं शंभर मैल गाडी हाकत आलीत. त्यांना अर्ध्यातून घरी धाडू? ही चिली खा, आमचा राजमा-खिम्याचा रस्सा, सोबत दालचिनीचा रोलही आहे.”

लमारनं वाडगा बाजूला ठेवला. म्हणजे हा दमाचा प्रश्न नव्हताच. हे शेजाऱ्यांची लाज राखणं होतं, आणि त्यापायी या पोराचा तारा गेला होता.

मध्यंतरानंतर पाहुण्यांच्या दोघांचे पाय मुरगळले. उरले पाच. पाचांचा खेळ होत नाही. त्यांच्या कोचनं टोपी काढली आणि हार मानून हात पुढे केला.

“कागदावर संपला,” हॉगन सर म्हणाले. “उरलेला वेळ आपला आपण खेळू, शून्यापासून. आंडर्स, शर्ट बदल.”

आंडर्सनं पाहुण्यांचा लाल शर्ट कसाबसा अंगात कोंबला.

“काय रे गद्दारा!” त्याचेच दोस्त ओरडले.

“या रे या, एकेक करून या!” तो हसला.

एकेक कुठले, सहाच्या सहा आले! लहानपणापासून सोबत खेळलेले, त्याची प्रत्येक चाल पाठ असलेले. दोघं पायांना लोंबकळले, तिसरा पाठीवर, तरी हा बाबा चालतोच आहे! पुढच्या खेपेला सगळे अंगावर येईपर्यंत थांबला आणि चेंडू अलगद पाहुण्यांच्या सगळ्यात बुटक्या पोराच्या हातात दिला. तो बुटका एकटाच रेषेपार पळाला. दोन्ही गावांच्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. लमार उठून उभा राहिला. बापरे, असं त्यानं वीस वर्षांत पाहिलं नव्हतं, कुठ्ठेच नाही.

साडेपाचला त्यानं चार तारे पाठवले. लगेच कर्टिसचा, त्याच्या साहेबाचा, फोन.

“चार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? समोर कोण होतं? शेतातली सात पोरं?”

“नाही. त्यांच्या बाजूनं तर तो खेळला.”

“मग समोर कोण?”

“त्याचा स्वतःचा संघ. तीन वर्षांत एकदाही न हरलेला.”

 कर्टिसनं हळूच विचारलं, “आज?”

“आज हरला. अठरा-बारा.”

“राहू दे चार,” कर्टिस म्हणाला आणि फोन ठेवला.

लमार गाडीतच बसून राहिला. मग त्यानं मोंटानाची जुनी यादी उघडली. त्रेचाळीस नावं, प्रत्येकापुढे दोन तारे. अक्षर त्याचंच होतं. आंडर्स सोडला तर त्यातलं एकही पोरगं त्यानं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.