कळलावीला पाणी नको

रत्नाबाईंच्या हातून झाड मेलं, असं चामराजपेठेत कधी कोणी ऐकलं नव्हतं. वाळकी काडी रोवली तरी बाईंचा हात लागला की पालवते, असं शेजारीपाजारी म्हणत, आणि बाईही ते कधी खोडून काढत नसत. त्यांच्या गुलाबांना शेणखत, वर पेंडीचं पाणी, शिवाय लालबागेतल्या माळ्याशी गोड बोलून आणलेलं पानांचं खत. सकाळी अंघोळ झाली की हातात तांब्या, आणि अंगणातल्या शेवटच्या कुंडीला पाणी पोचल्याशिवाय कॉफीचा घोट घशाखाली उतरायचा नाही. हा नेम त्यांच्या सासूचा, तिच्याही सासूचा. हे मराठा घराणं बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या उलटल्या होत्या, की नेम कोणी घातला हे विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

सत्तावन्न साली त्यांच्या कृष्णाजीचं लग्न झालं. सून कौशल्या खानापूरकडच्या घाटातली. आई लहानपणीच गेलेली, पाठीवर भाऊ नाही; होते ते एकटे वडील, बसवंत. लेकीला पोचवायला आले तेव्हा त्यांनी फडक्यात बांधून एक कंद आणला होता, दोन फाट्यांचा, नांगरासारखा. कळलावीचा. घाटात ही रानवेल पावसाबरोबर खडकाच्या फटीतून वर येते आणि भाद्रपदात लाल-पिवळी पेटते. पाकळ्या बोटांसारख्या वर वळलेल्या, म्हणून तिकडे त्या फुलांना गौरीचे हात म्हणतात. कौशल्याच्या गावी ही फुलं वाहिल्याशिवाय गौर बसत नसे, आणि सासरी गेलेल्या लेकीला ती माहेरहून यावी लागत. एवढ्या लांब दरवर्षी फुलं कोण पोचवणार? म्हणून बसवंतांनी कंदच उचलून आणला.

"कंद विषारी हाय, चुलीपासनं लांब ठेवा," त्यांनी विहीणबाईंना बजावलं. "आनि हिला माया जरा कमी करा. दगडात ऱ्हाती ही. पाऊस सरला की वेल वाळंल, तवा मेली म्हनून रडू नका. झोपती ती."

रत्नाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. माया कमी करा म्हणे! अशानं कुठे बाग होते?

प्रवासात कंदाचे दोन फाटे मोडून वेगळे झाले होते. एक रत्नाबाईंनी आपल्या सर्वांत मोठ्या कुंडीत लावला. खाली शेणखत, वर पानांचं खत, आणि रोज न चुकता तांब्याभर पाणी. महिना उलटला तरी कोंब दिसेना, तेव्हा त्यांनी माती उकरली. आत कंद नव्हता, नुसता घाण वासाचा चिखल होता. बाईंनी मुकाट्यानं कुंडी मागच्या दारी नेऊन उपडी केली.

"कळलावीच ती," अप्पासाहेब, त्यांचे यजमान, वर्तमानपत्रामागून म्हणाले, "घरात कळ लावायचीच." कोणी हसलं नाही, तेव्हा ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

त्याच आषाढात बसवंत तापानं गेले. कौशल्या जाऊन दिवस करून आली, घराला कुलूप लावून आली. आता माहेरहून काही यायचं राहिलं नव्हतं. होता तो राखेच्या डब्यात ठेवलेला कंदाचा दुसरा फाटा.

रत्नाबाईंनी तो डबा आपल्या हातांनी सुनेपुढे ठेवला. "माझं चुकलं बाई. आता तू सांग कुठे लावायचा."

विहीर बांधली तेव्हाचे उरलेले दगड कुंपणाच्या भिंतीशी पडले होते. कौशल्यानं त्यांच्या फटीत मूठभर रेताड माती टाकून कंद पुरला. आधीच उशीर झालेला. त्या वर्षी दोऱ्यासारखी एक वेल वर आली, फूल काही धरलं नाही. दसऱ्याला ती पिवळी पडली, दिवाळीत वाळून गेली.

कृष्णाजी रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर. संक्रांतीनंतर त्याला शिमोग्याकडे पुलाच्या कामावर धाडलं. राहायला पत्र्याची शेड. कंद काढून सोबत न्यावा, तर त्याच्या टोकाला एकच डोळा असतो, तो दुखावला की सगळं संपलं. निघताना कौशल्या सासूच्या पाया पडली आणि तशीच खाली बसून राहिली.

"आत्ती, एक मागू? हिला पाणी घालू नका. उकरूनही बघू नका. आता एवढाच आहे."

या पोरीनं घरात पाऊल टाकल्यापासून काही मागितलं नव्हतं. "सरी, नाही घालत," रत्नाबाई म्हणाल्या. आणि तिथेच फसल्या.

कारण पाणी घालणं ही सोपी गोष्ट आहे. न घालणं किती अवघड असतं, ते त्या उन्हाळ्यात बाईंना कळलं. शेवटच्या कुंडीपर्यंत पाणी द्यायचं आणि त्या दगडांपुढून कोरड्या हातानं परत फिरायचं! कॉफी घशाशी अडायला लागली. मग त्यांनी मनाची समजूत काढली, की हे काही आपलं झाड नव्हे, हा पाहुणा आहे. झोपलेल्या पाहुण्याला कॉफीसाठी कोणी हलवून उठवतं का? चैत्र त्या समजुतीवर निघाला.

वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं. दगड असे तापायचे की हात लावता येऊ नये. आत तो बोटाएवढा जीव भाजून निघत असेल, या विचारानं बाईंचा जीव वरखाली व्हायचा. एका दुपारी त्यांना काही राहवलं नाही. तांब्या भरून त्या दगडांपाशी गेल्या, हात वाकडाही केला. मग त्यांना ती कुंडीतली घाण आठवली, आणि "आता एवढाच आहे" हे सुनेचे शब्द. बाईंनी सगळं पाणी स्वतःच्याच पायांवर ओतलं आणि भिंतीला टेकून रडल्या.

अप्पासाहेब ओसरीवरून बघत होते. "अगं, स्वल्प उकरून तर बघ. मेला असेल तर हे हाल तरी थांबतील."

"शब्द दिलाय मी."

"सुनेला कोण सांगणार आहे?"

"मी सांगेन ना! मला खोटं बोलता येतं होय?" बाई कडाडल्या. त्या दिवसापासून बायकोच्या हातात तांब्या दिसला की अप्पासाहेब काहीतरी काम काढून त्या दगडांच्या बाजूला जाऊन उभे राहू लागले. मोठा समजूतदार माणूस, फक्त ते दाखवायची सवय नव्हती.

ज्येष्ठात पाऊस झाला, आणि थोड्याच दिवसांनी दोन दगडांमधून हिरवी सुई वर आली. खत नाही, आळं नाही, कोणाची मेहेरबानी नाही. रत्नाबाईंनी आयुष्यभर झाडं वाढवली, पण असं स्वतःच्या हिमतीवर उभं राहणारं झाड त्या प्रथमच बघत होत्या. पानांची टोकं दोऱ्यासारखी वळवून वेल दगडाला, भिंतीला, शेवटी बाईंच्या लाडक्या गुलाबालाही धरून चढली. गुलाबानं ते निमूट सहन केलं. श्रावण सरता सरता पहिली कळी खाली मान घालून आली, आणि दोन दिवसांत पाकळ्या उलट्या वर फेकून पेटली. लालबागेचा माळी मुद्दाम येऊन बघून गेला. काय खत घालता, असं त्यानं विचारलं, तेव्हा बाईंनी त्याला आपले रिकामे हात दाखवले.

कौशल्या गौरीच्या आदल्या संध्याकाळी आली. हातातली पिशवीही खाली न ठेवता ती वेलीपुढे उभी राहिली, आणि मग लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिनं गौरीला तिचे हात वाहिले. बाई शेजारी बसून बघत होत्या, आणि पूजा झाल्यावरही त्यांना उठावंसं वाटेना.

पुलाचं काम लांबलं होतं. आता शेड जाऊन अंगण असलेलं क्वार्टर मिळालं होतं, चारेक वर्षं तिकडेच. निघायच्या दिवशी रत्नाबाईंनी मन घट्ट केलं.

"वेल वाळली की कंद काढून कृष्णाजीकडे देते. तुझ्या बाबांचा आहे, तुझ्यापाशी असू दे."

"नको, आत्ती." कौशल्या खाली बघून म्हणाली. "तिकडे शेडपुढे मी एक गुलाब लावला होता. करमायचं नाही, म्हणून येता-जाता पाणी घालायची. कुजला. बाबा सांगायचे ते मला पाठ आहे, पण ते डोंगरात राहायचे. तिथे पाणी घालायला कोण जातंय? हे दारात ठेवून, रोज बघून, हात आवरायचा… माझ्यानं नाही व्हायचं. हे तुम्हीच करू जाणता."

आजवर बाईंनी केलं त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं. जे केलं नाही त्याचं कौतुक करणारी ही पहिलीच. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

"मग मे महिन्यात ये. लेकी येतात तशी, चांगली महिनाभर. माझा हात धरून ठेवायला कोणीतरी लागतं गं."