बोटीवर न चढलेली बरणी

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या निळ्या फुलांवर जाऊ नका. ती घडणीनंतर वरून रंगवलेली आहेत. मुळात मी आहे एक बरणी; जुनी, राखाडी, जाड बुडाची आणि दोन्ही हातांनी उचलावी लागेल इतकी भारी. स्वभावानेही मी थोडी जडच आहे. एकदा जिथे बसले तिथून मला हलवणे सोपे नाही.

ऱ्हाईन नदीपलीकडच्या डोंगरात कुंभारांची गावे आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या कुंभाराने मला चाकावर घडवले. आमच्याकडची भाजणी साधी नसते. भट्टी तापून तापून पांढरी पडू लागली की तिच्या माथ्यावरच्या भोकांतून फावड्याने मीठ टाकतात. त्या मिठाची वाफ आमच्या अंगाला चिकटते आणि तिचीच काच होते. त्या दिवशी माझ्या शेजारच्या काही जणी तडकल्या. मी दातावर दात दाबून उभी राहिले. बरणीला दात नसतात हे मला माहीत आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही.

माझा जन्म कोबी आंबवण्यासाठी होता. पूर्वी जर्मनीतल्या घराघरांत हिवाळ्यासाठी कोबी चिरून, मीठ लावून माझ्यासारख्या बरणीत दाबून ठेवत. पण मी भट्टीतून बाहेर आले तेव्हा काळ बदलला होता. युद्ध संपून काही वर्षे झाली होती, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला होता आणि कोबी डब्यात मिळू लागला होता. व्यापाऱ्याने मला हायडेलबर्गला पाठवले आणि तिथे किल्ल्याखालच्या गल्लीत, फ्राऊ लिंडनमान नावाच्या बाईंच्या दुकानात माझी रवानगी झाली.

ते दुकान म्हणजे आठवणींचा बाजार होता. कोकिळेची घड्याळे, झाकणवाले बिअरचे मग, झालरीच्या टोप्या घातलेल्या बाहुल्या, किल्ल्याचे चित्र असलेले चमचे. प्रवाशांच्या बसगाड्या यायच्या, माणसे भराभर उतरायची आणि हाताला लागेल ते घ्यायची. अट एकच, वस्तूवर गावाचे नाव हवे. नाव नसेल तर आपण इथे येऊन गेलो हे शेजाऱ्यांना कसे कळणार? माझ्यावर नाव नव्हते. मला कोणी विचारीना. शेवटी फ्राऊ लिंडनमाननी माझ्यात वाळलेली फुले खोचली, गळ्यात रिबन बांधली आणि "कृपया हात लावू नये" अशी पाटी समोर ठेवून मला कोपऱ्यात बसवले. ज्या बरणीने भट्टी सोसली तिने फुलदाणी व्हायचे! वर्षामागून वर्षे मी तिथे धूळ खात आणि मनातल्या मनात जळफळत बसले.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या शरद ऋतूत, एका शनिवारी सकाळी, दुकानात एक भाऊ आणि एक बहीण आली. भाऊ यशवंत, उंच, हसरा, मोठ्या आवाजात बोलणारा. बहीण स्नेहलता, साडीवर जाड लोकरी कोट घातलेली, गप्प. त्यांच्याविषयीचे बरेचसे मला नंतर कळले, पण तुम्हाला आताच सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा.

ही सांगलीची मुले. स्नेहलता कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिला दोन वर्षांसाठी पाठवले होते. पहिल्या वर्षी तिचे प्राध्यापक दुसऱ्या शहरी निघून गेले आणि सगळे काम वाया गेले. नव्या विषयाला आता कुठे फळ धरू लागले होते, तोवर दोन वर्षे सरली. घरी स्थळ बघून ठेवलेले होते. यशवंत एर्लांगेनच्या एका कारखान्यात प्रशिक्षणासाठी आला होता आणि परत जाताना बहिणीला घेऊन ये, असे त्याला बजावले होते. इटलीतल्या जिनोआ बंदराहून निघणाऱ्या बोटीवर दोघांच्या जागा धरलेल्या होत्या.

म्हणून ही खरेदी. घरच्या एकेका माणसाचे नाव घेत यशवंत दुकान पालथे घालत होता. अण्णांना घड्याळ झाले, यशवंताच्या शाळकरी मुलीला, कुसुमला, बाहुली झाली, काकांना झाकणवाला मग झाला.

"दादा, काका बिअर पितात का?" स्नेहलतेने विचारले.

"ताक पितात की! झाकण आहे, माशी पडायची नाही. आता सांग, शुभाला हा रुमाल की तो?"

"हा. तो भांडी पुसायचा आहे."

"बायकोला भांडी पुसायचा रुमाल नेला असता तर मला घरात घेतलं नसतं तिनं. बरं, सगळ्यांचं झालं. तुझं काय? दोन वर्षं जर्मनीत राहून रिकाम्या हातानं गेलीस तर लोक हसतील."

 स्नेहलता माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिने माझ्यातली फुले उपसून बाजूला ठेवली, माझ्या तोंडात हात घालून आतली काच चाचपली आणि मग बोटाच्या पेराने माझ्या पोटावर टिचकी मारली. टण्ण! इतक्या वर्षांत मी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"बिटे, कृपया, हात लावायचा नाही!" फ्राऊ लिंडनमान गल्ल्यामागून ओरडल्या.

"हात नाही लावत," स्नेहलता जर्मनमध्ये शांतपणे म्हणाली. "ऐकते आहे."

बाईंना हसू आवरेना. "बरं, बरं, ऐका मग!" त्या म्हणाल्या. यशवंत मात्र ओशाळला. "लते, अगं मडक्यांच्या बाजारात आहेस का तू? आणि हे धूड बोटीवर कोण नेणार?"

"दादा, मला ही हवी."

यशवंताने माझ्याकडे पाहिले, मग बहिणीकडे. लहानपणापासून तिने काही मागितले आणि त्याने दिले नाही असे झाले नव्हते. "घे बाई," तो म्हणाला. "रुखवतात छान दिसेल. मधोमध मांडू."

रुखवत हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लग्नात मुलीकडच्या शोभेच्या वस्तू मांडतात, त्याला म्हणतात म्हणे. म्हणजे पुन्हा शोभाच! स्नेहलतेने मला पोटाशी धरले होते आणि रुखवताचे नाव निघताच तिची बोटे माझ्या काठावर घट्ट झाली.

कार्ल्सरूहेतली तिची खोली माळ्यावर होती. एक कोळशाची शेगडी, एक खिडकी, भिंतीला लागून टेबल. प्रशिक्षण संपवून यशवंत जवळच्याच एका खाणावळीत उतरला होता; तो आठवडाभर रोज संध्याकाळी यायचा आणि तिला समजवायचा. त्याने एकदाही आवाज चढवला नाही, आणि तेच तिला जड गेले. भांडणाऱ्याशी भांडता येते. पण हा तो भाऊ होता, ज्याने तिला जर्मनीला पाठवावे म्हणून अण्णांशी हुज्जत घातली होती. आता तोच म्हणत होता, "लते, अण्णांनी दोन वर्षांचा शब्द घेतला होता. मी मध्ये होतो. माझ्या तोंडाकडे तरी बघ."

"माझं काम अर्धं आहे, दादा."

"जगात कुणाचं काम पुरं होतं?"

यावर ती टेबलावरची वही पुढे ओढायची. मला तिचा राग यायचा. बोल ना, असे मला ओरडून सांगावेसे वाटायचे. पण ती त्याच्यापुढे शब्दाने कधी जिंकली नव्हती आणि जिंकणारही नव्हती, हे तिला माझ्याआधी कळले होते.

निघायच्या आदल्या दिवशी यशवंताने स्वतः तिची ट्रंक भरली. मला तिच्या दोन साड्यांत आणि स्वेटरात गुंडाळले, भोवती लाकडाचा भुसा दाबला आणि झाकण लावले. आत काळोख होता. संपले सगळे, मी मनाशी म्हटले. आता रुखवत, मग कुणाच्या तरी दिवाणखान्यातले काचेचे कपाट.

सकाळी झाकण उघडले. स्नेहलतेने मला बाहेर काढले. साड्या झटकून परत कपाटात ठेवल्या. स्वेटर अंगात घातला. मग तिने मला कढत पाण्याने आतून-बाहेरून धुतले, शेगडीपाशी उलटे घालून खडखडीत वाळवले आणि पिशवी घेऊन बाहेर पडली. परत आली तेव्हा पिशवीत लिंबे होती. इटलीची, जाड सालीची, पिवळीधमक. एकेक लिंबू पुसून तिने टेबलावर मांडले. शेजारी मीठ ठेवले आणि लोणच्याच्या मसाल्याची पुडी ठेवली. ती पुडी आईने सांगलीहून यशवंताच्याच हाती पाठवली होती. मग ती सुरी घेऊन फोडी करायला बसली.

यशवंत आला तो टोपी-ओव्हरकोटासह, घाईत. "झाली का तयारी? टॅक्सी सांगून आलोय."  त्याने उघडी ट्रंक पाहिली, टेबल पाहिले, मला पाहिले.

"हे काय गं?"

"लोणचं."

"आज?"

"आज."

मित्रांनो, मी परदेशी बरणी, पण त्या क्षणी खोलीत काय झाले ते मलाही समजले. गाव सोडायच्या दिवशी कोणी लोणचे घालत नाही. माणसे निघताना डबे रिकामे करतात, उरलेले शेजारी देतात. लोणचे तोच घालतो ज्याला ते खायला तिथे राहायचे असते.

"मुरायचं कधी हे?" यशवंताने हळू आवाजात विचारले.

"सालं जाड आहेत. त्यात इथली थंडी. उन्हाळा उजाडेल."

"रोज हलवावं लागतं. कोण हलवणार?"

"मी."

यशवंत ट्रंकेवर बसला.  स्नेहलतेचा हात थांबला नाही. अखेर तो उठला. ओव्हरकोट काढून त्याने दाराला अडकवला, बाह्या दुमडल्या, हात धुतले.

"आण ती सुरी इकडे. केवढ्या फोडी करतेस! अशा सात जन्मांत मुरायच्या नाहीत."

दोघांनी मिळून मला भरले. फोडी, मीठ, मसाला, पुन्हा फोडी. मध्येच यशवंताने बाहीने डोळे पुसले आणि लिंबाचा रस उडाला म्हणाला. "अण्णांना काय सांगू मी?" त्याने विचारले.

"सांग, लता लोणचं घालून बसलीय."

तो मोठ्याने हसला. "अण्णांना नाही कळायचं ते. पण आईला कळेल. आणि मग अण्णांना कळवायचं काम आई करेल."

त्याची एकट्याचीच ट्रंक गेली. स्नेहलता त्याला स्टेशनवर पोहोचवून आली आणि टेबलावर डोके टेकून खूप रडली. मग उठली, तिने माझे झाकण घट्ट बसले आहे का ते पाहिले आणि प्रयोगशाळेत गेली.

त्या हिवाळ्यात तिने मला रोज सकाळी हलवले. सांगलीहून अण्णांचे पत्र आले नाही, तरी हलवले. ऐन थंडीत तिचा एक मोठा प्रयोग फसला, त्या दिवशी ती बिछान्यातून उठेचना. पण माझे हलवणे राहिले होते. तेवढ्यासाठी उठली, उठलीच आहे तर तोंड धुतले, तोंड धुतलेच आहे तर कामाला गेली. त्याहून जास्त मी काही केले नाही, पण मला त्याचा अभिमान आहे.

उन्हाळ्यात लोणचे मुरले. झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यातला तिचा मराठी मित्र श्रीरंग आला, विद्यापीठातली मैत्रीण सुधा आली. काळ्या पावाला लोणचे लावून सगळ्यांनी ताटे चाटूनपुसून साफ केली. "गेनाऊ घरच्यासारखं!" श्रीरंग म्हणाला आणि 'अगदी'च्या जागी जर्मन शब्द घुसलेल्या त्याच्या मराठीला सुधा हसली. पुढच्या वर्षी स्नेहलता डॉक्टर झाली. त्या दिवशी अण्णांची अभिनंदनाची तार आली. तिने ती वाचली आणि टेबलावर माझ्या शेजारी ठेवली.

पुढचे मी लांबवत नाही. तिला एर्लांगेनला संशोधनाची नोकरी लागली, मोठे घर झाले, फ्रीज आला, दुकानातल्या लोणच्याच्या काचेच्या बाटल्या आल्या. मला तळघरात सायकलींशेजारी ठेवले. तिला वेळ नव्हता, हे मला कळत होते. कळले म्हणून दुखत नाही असे मात्र नाही. माझ्या पोटात कोळ्याने जाळे विणले.

आता साठचे दशक सरत आले आहे. गेल्या महिन्यात यशवंताची मुलगी कुसुम इथल्या विद्यापीठात शिकायला आली. सामान अजून दारातच होते आणि तिने आत्याला विचारले, "आत्या, तुमच्याकडे मोठी बरणी आहे का हो? बाबांनी बजावलंय, 'पोचल्या दिवशी आधी लोणचं घाल. ते मुरेपर्यंत मी बोलावलं तरी येऊ नकोस.'"

 आत्या स्वतः जिना उतरून तळघरात आली आणि मला पदराने पुसले.

मित्रांनो, मी आज पुन्हा भरलेली आहे. तुमच्याकडे एवढेच मागते. घरातली जुनी भांडी धुळीत टाकू नका, कौतुकाने कपाटात कोंडूही नका. त्यांना कामाला लावा. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या मुलीने कुठे दूर जाऊन काही मुरत घातले असेल, तर ते मुरेपर्यंत तिला हाका मारू नका.